भुलाबाईले बोलावणं नसते

चारुता माझ्या दारात आली तेव्हा मी मेथी निवडत होते. तिनं चप्पल पार गेटाबाहेर काढली, तेव्हाच मला कळलं की ही काहीतरी मागायला आलीय. गप्पा मारायला येणारी बाई चप्पल पायरीशी काढते.

"काकू," ती म्हणाली, "यंदा भुलाबाई मैदानात बसवू या का? ओटा झालाय, दिवा लागलाय. सगळ्याच मुलींना जागा होईल."

माझ्या हातातली काडी हातातच राहिली. पण मी हसले. मला राग आला की आधी हसू येतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. या बाईला कुठून ठाऊक असणार? ती दोन वर्षांपूर्वी वर्ध्याहून आली, नवरा इथल्या कॉलेजात शिकवतो.

"बसवा ना," मी म्हटलं. "माझं काय जाते?"

"खरंच, काकू? मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"मले काऊन वाईट वाटन?"

तिनं ते खरं मानलं आणि खुशीत निघून गेली. पुढची सगळी मेथी मी कशी निवडली कोण जाणे, पण रात्री जेवताना आमच्या ह्यांच्या, प्रभाकररावांच्या, घासाघासाला काड्या लागल्या. ते काही बोलले नाहीत. एसटीच्या आगारात नोकरी केलेला माणूस, कुठं गप्प बसावं ते त्यांना कळतं.

आता हे मैदान म्हणजे काय, ते सांगते. आर्वीतल्या आमच्या ले-आउटच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. नकाशात ती बगिच्याची होती, प्रत्यक्षात डुकरांची. गाजरगवत माणसाच्या कमरेइतकं. गेल्या वर्षी नगर परिषदेनं ती साफ केली, मध्ये सिमेंटचा ओटा बांधला, कडेला बाकं टाकली आणि खांबावर दिवा लावला. झालं! तेव्हापासून कोणाचा पाय घरात ठरेना. म्हातारे बाकावर, पोरं सायकलींवर, आणि बाया ओट्यावर. याच बाया आधी माझ्या छपरीत बसायच्या. छपरी म्हणजे घरापुढची पत्र्याची ओसरी. आमच्या रांगेत एवढी लांब छपरी दुसऱ्या कोणाची नाही. पापड लाटायचे तर माझ्याकडे, कोणाच्या सुनेची उखाळीपाखाळी काढायची तर माझ्याकडे, आणि भुलाबाई तर माझ्याकडेच.

भादव्याच्या पौर्णिमेला मातीची भुलाबाई बसते. शेजारी तिचा भुलोजी, आणि दोघांवर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. तिथून कोजागिरीपर्यंत रोज दिवेलागणीला पोरी जमतात, टाळ्या वाजवून गाणी म्हणतात, आणि मग येते खरी मजा, म्हणजे खाऊ ओळखायचा. खाऊचा डबा बंद असतो. पोरी तो कानाशी धरून हलवतात, झाकणाला नाक लावतात, "गोड की तिखट? कडक की नरम?" विचारून जीव खातात. नाहीच ओळखता आला तर "हरलो" म्हणायचं, मग डबा उघडतो. माझा डबा सहज ओळखला गेला असं कधी झालं नाही. कडक खाऊ मी फडक्यात गुंडाळून ठेवते, म्हणजे वाजत नाही. नरम असला तर त्यात दोन सुपाऱ्या टाकते, म्हणजे उगाच वाजतो. हरलेल्या पोरींचे चेहरे बघण्यासारखे असतात.

माझी लेक फ्रॉकात होती तेव्हापासून हे चालू आहे. ती आता पुण्याला संसारात आहे. पहिल्या पहिल्या वर्षी एका घरी बोलावणं जायचं राहिलं आणि त्या घरची बाई वर्षभर मला पाहून मान फिरवायची. तेव्हा मी नियमच करून टाकला. भुलाबाईले बोलावणं नसते. माझं काशाचं ताट वाजलं की ज्याला ऐकू येईल त्यानं यायचं. रुसायला जागाच नको. हा नियम गल्लीनं असा उचलला की घरात नवी सून आली की तिलाही आधी तोच सांगत.

पौर्णिमेच्या दिवशी चारुता पुन्हा आली. "काकू, तुमचं काशाचं ताट द्याल का? त्याचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे."

"त्यात कणीक मळून ठेवली हाय," मी म्हटलं. कोण काशाच्या ताटात कणीक मळतं? पण ती "असू द्या" म्हणून गेली.

संध्याकाळी मैदानात स्टीलचं ताट वाजलं. टिनाच्या डब्यावर चमचा पडावा तसा आवाज. मी जांभळी साडी नेसून, वेणी घालून, छपरीत खुर्ची टाकून गेटाकडे तोंड करून बसले होते. नियम माझाच होता, हे मी विसरले नव्हते. पण नियम येणाऱ्यांसाठी. जिच्या छपरीतून भुलाबाई उचलून नेली, तिला कोणी "काकू, चला" एवढंही म्हणू नये? मी मनात ठरवलं होतं की एकदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा गुडघ्याचं सांगायचं, आणि तिसऱ्यांदा उठायचं. पण पहिल्यांदा विचारायलाच कोणी आलं नाही.

प्रभाकरराव चपला घालून निघाले.

"तुम्ही कुठं चालले?" मी विचारलं.

"बाकावर. ताट वाजलं ना."

"तुम्हाले कोणं बोलावलं?"

"भुलाबाईले बोलावणं राह्यते का?" असं म्हणून ते गेलेसुद्धा. ज्याच्यासोबत संसार केला तो माणूस असा पहिल्याच दिवशी पलीकडच्या गोटात गेला.

परत आले ते कागदात चार फुटाणे घेऊन. ते माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "प्रसाद हाय."

"फुटाणे? पहिल्या दिवशी फुटाणे? ते तर बहिराही ओळखन."

"पोट्ट्या खूश होत्या पण."

"किती होत्या?"

"गंज होत्या. मागच्या लायनीतल्याही आल्या."

मी फुटाणे खाल्ले नाहीत. मग खाल्ले. भाजणी चांगली होती, तेही मला आवडलं नाही.

त्यानंतर रोज दिवेलागणीला मला गच्चीवर काम निघू लागलं. वाळलेले कपडे आणायचे, टाकीचं झाकण बघायचं, उगाच झाडू मारायचा. गच्चीवरून मैदान सगळं दिसतं. पोरी इतक्या की एका गोलात मावत नव्हत्या, गोलाबाहेर दुसरा गोल होता. मागच्या लायनीतल्या तानाबाईची नात माधवी त्यात होती. त्यांच्या घरी बुद्धवंदना असते, देवबिव नाही. म्हणून पूजा होईपर्यंत ती आजीजवळ बाकावर बसायची आणि खाऊची वेळ झाली की उडी मारून उतरायची. मैदानात ते कोणालाच वावगं वाटत नव्हतं. इतकी वर्षं ती पोरगी माझ्या गेटासमोरून शाळेत गेली, आत कधी आली नाही. मी काही कोणाला बंदी केली नव्हती. गेटाला कडी होती, पण ती गाईंसाठी होती.

आणि माझी धुरपता! समोरच्या घरातली, जिनं जन्मभर माझ्या हातचा चहा पिला, ती चारुताच्या शेजारी मांडी घालून बसलेली. चारुता कानात काहीतरी सांगत होती आणि धुरपता तोंडाला पदर लावून हसत होती. धुरपताला तोंडाला पदर लावून हसवायचं काम माझं. मला हेवा वाटला, दुसरा शब्द नाही त्याला. इतका वाटला की टाकीचं झाकण मी जोरात आपटलं आणि खालची दोन माणसं वर पाहू लागली.

दुसऱ्या दिवशी धुरपता चहाला आली. "येत काऊन नाई वो यशोदे? तुया आवाजाबिगर गाण्याले रंग नाई. ते पोट्ट्या मधलं गाणं शेवटी अन् शेवटचं मधात म्हणून राह्यल्या."

हे ऐकून मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात तिला "चला" म्हणायला काय झालं होतं? पण ती म्हणाली नाही. बशीतला चहा फुंकत माझ्याकडे पाहत राहिली.

"गुडघे दुखून राह्यले," मी म्हटलं.

झालं. संध्याकाळी चारुताची पोरगी नमिता दारात. हातात तेलाची बाटली. "आईनं दिलंय, गुडघ्यांना लावायला. कोमट करून लावा म्हणाली." वैरिणीनं भांडावं तरी! हिनं तेल पाठवलं. ते तेल चांगलं निघालं तर काय करायचं, म्हणून मी बाटली उघडलीच नाही.

अशी संध्याकाळमागून संध्याकाळ गेली. बाजारात सोयाबीनच्या गाड्या लागल्या, कोजागिरी जवळ आली, आणि मला कोणी बोलावलं नाही. रोज मी जांभळी नाही तर हिरवी साडी नेसून छपरीत बसायचे आणि स्टीलचं ताट वाजलं की गच्चीवर जायचे. प्रभाकरराव रोज पुडी आणायचे. एकदा मुरमुऱ्याचे लाडू, एकदा शिंगाडे. "कोणं ओळखलं?" मी विचारायचे. उत्तर बहुतेक एकच, "तानाबाईची नात." मी कधी न पाहिलेल्या डब्यांची हार-जीत मला तोंडपाठ झाली होती.

शेवटी मी बाजारात गेले आणि कुंभाराकडून भुलाबाई घेऊन आले. हल्ली बऱ्याच घरी शेवटचे पाच दिवसच बसवतात, म्हणजे कोणाला बोलायला तोंड नव्हतं.

प्रभाकररावांनी मूर्ती पाहिली, मला पाहिलं. "एका ले-आउटात दोन भुलाबाया?"

"पहिले घरोघरी राहत होत्या."

"अन् पोट्ट्या कुठं जातीन?"

"जिचं ताट चांगलं वाजन तिच्याकडं."

मी सांजोऱ्या केल्या. रव्याचं सारण भरून, गुळाच्या, माझ्या छपरीत बसतील तेवढ्या पोरींना पुरतील अशा, वर दोन-चार. फडक्यात गुंडाळून डब्यात भरल्या. दिवे लागायच्या जरा आधीच मी काशाचं ताट घेऊन गेटात उभी राहिले आणि पळीनं असं वाजवलं की पलीकडच्या रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली.

आधी दोन पोरी आल्या. मग पाच. माझा जीव सुपाएवढा झाला. मग मी पाहिलं तर सगळं मैदान उठून माझ्याकडे येत होतं. पोरी, त्यांच्या आया, बाकावरचे म्हातारे, आणि सगळ्यांमागे चारुता, हातात तिचा डबा. ताट ऐकू आलं की यायचं, हाच नियम ना? त्यांनी तो पाळला.

छपरी भरली. पायऱ्या भरल्या. गेटापासून खुर्चीपर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती. ज्या आमच्या रांगेतल्या होत्या त्या सवयीनं आत आल्या आणि मागच्या लायनीतल्या गेटाबाहेर रस्त्यावर थांबल्या. "या ना आत," मी म्हटलं खरं, पण आत कुठं? गाणं सुरू झालं. आतल्या एक ओळ म्हणायच्या तेव्हा बाहेरच्या मागची म्हणायच्या. एक मोटरसायकलवाला हॉर्न वाजवत त्यांच्यातून गेला. मैदानात मोटरसायकल येत नाही, हे माझ्या डोक्यात आलं आणि मी ते ढकलून दिलं.

डबा फिरला. कोणालाच ओळखता आला नाही. "हरलो!" आतून आवाज, "हरलो!" रस्त्यावरून आवाज. मी डबा उघडला, सांजोऱ्या वाटायला घेतल्या. पायरीपर्यंत पोचले आणि डबा संपला.

बाईमाणसाला विचारा, दारात लेकी बसल्या असताना खाऊ संपणं काय असतं ते. माधवी गेटाच्या गजांना धरून उभी होती, तिचा हात पुढे झालेला होता आणि तिनं तो हळूच मागे घेतला. मला वाटलं, धरणी दुभंगावी.

"काकू, आमच्या डब्यात आहे की," चारुता मागून म्हणाली. गर्दीतून वाट काढत ती आली आणि तिनं स्वतःचा डबा माझ्या हातात दिला. वाटायला माझ्याच हातात, माझा खाऊ संपला हे लोकांना दिसायला नको म्हणून. डब्यात फुटाणे होते. माझ्या दारात, माझ्या भुलाबाईपुढं, माझ्याच हातानं मी त्या बाईचे फुटाणे वाटले. सगळ्यांना पुरले. उरलेसुद्धा.

लोक पांगले. धुरपता आणि चारुता मांडवाची पडलेली धांडी सारखी करायला थांबल्या. मी भिंतीला टेकून बसले होते. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि रागाला आधी बाहेर काढलं.

"तुमच्या मैदानात मले कोणं एक दिवस बोलावलं नाई," मी म्हटलं. "रोज साडी नेसून बसत होती मी. रोज!"

दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या.

"काकू, मी पहिल्याच दिवशी येणार होते बोलवायला," चारुता म्हणाली. "धुरपताकाकूंनी अडवलं."

"मंग अडवणारच ना वो!" धुरपता म्हणाली. "भुलाबाईले बोलावणं नसते म्हणणारी तू. तुलेच बोलवाले गेलो असतो तर तू म्हणली असती, मायाच नियम मोडाले मायाच दारात आल्या. तुया रागाले कोण भ्यायलं नाई आजवर? मी म्हटलं, ताट वाजवा जोरात. ऐकू आलं तर येईन ते."

"म्हणून तर तुमचं ताट मागितलं होतं," चारुता म्हणाली. "आमचं ताट तुमच्या घरापर्यंत पोचेल की नाही, काही कळत नव्हतं. रोज ओट्यावर तुमच्यासाठी आसन टाकतो आम्ही. धुरपताकाकू कोणाला बसू देत नाहीत."

गच्चीवरून मला ते आसन दिसलं होतं. मला वाटलं होतं, ते चारुताचं आहे.

दुसऱ्या दिवशी मी कोहळ्याची खीर केली. लाल कोहळं किसून तुपात परतलं, दुधात इतकं आटवलं की डबा उलटा केला तरी हलू नये, वर जायफळ. डब्याचं तोंड कणकेनं बंद केलं, म्हणजे वास बाहेर जायला नको. या वेळी नेहमीचा नाही, पातेल्याएवढा मोठा डबा होता. तो प्रभाकररावांनी उचलला आणि माझी भुलाबाई मी उचलली.

"गुडघे?" ते म्हणाले.

"चाला गुमान."

गेटातून निघताना मैदानात स्टीलचं ताट वाजायला लागलं. मी थांबले. मग परत घरात गेले, काशाचं ताट आणलं, मूर्ती कडेवर घेतली आणि ते वाजवत रस्त्यानं निघाले. बोलावल्याशिवाय आली असं कोणाला म्हणता येऊ नये. बोलावणारी मीच होते. स्टीलचं ताट लगेच थांबलं. पोरी ओट्यावरून पळत आल्या आणि दोन्ही भुलाबाया शेजारी शेजारी बसल्या. आसन खरंच होतं, मधोमध. मी बसले. मधलं गाणं मधेच म्हणवून घेतलं.

मग डबा मधे आला. दोघी-तिघींनी मिळून तो हलवला, कणकेला नाक लावलं, वर हात ठेवून बघितला. माधवीनं डोळे मिटून कान लावला. "वाजत नाई," ती म्हणाली. तिनं बर्फीपासून शिऱ्यापर्यंत सगळं सांगून पाहिलं. मी प्रत्येकाला मान हलवत होते आणि मला आतून जे काही वाटत होतं ते सांगता येत नाही. महिनाभराचं उपासाचं पोट भरत होतं.

"आई, तू बघ," नमिता म्हणाली.

चारुता उठली. डब्यावर वाकून तिनं कणकेच्या सांध्याशी नाक नेलं. क्षणभर थांबली. मग नमिताच्या कानात काहीतरी म्हणाली आणि ती पोरगी घराकडे पळाली.

"गोड का, काकू?" चारुतानं विचारलं.

"गोड."

"नरम?"

"नरम."

ती जरा विचार केल्यासारखी करत राहिली. "नाही बाई. हरले मी."

"हरलो! हरलो!" सगळं मैदान ओरडलं. मी कणीक काढली, झाकण उघडलं. जायफळाचा वास दिव्याखाली पसरला आणि पोरींनी "खीर!" म्हणून असा गलका केला की बाकावरचे म्हातारे उठून आले. तेवढ्यात नमिता आली. तिच्या हातात एक मोठी पिशवी होती, खणखण वाजणारी. तिनं ती ओट्यावर उपडी केली. वाट्या आणि चमचे.

भुलाबाईचा खाऊ हातावर घ्यायचा असतो. फुटाणे, लाडू, शिंगाडे, कशालाच चमचा लागत नाही. ज्या वेळी नमिता घराकडे पळाली, त्या वेळी माझं झाकण बंद होतं. ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही, सगळ्या वाट्यांवर तुटून पडल्या होत्या. माझ्या ध्यानात आलं.

मी चारुताच्या वाटीत खीर वाढली. "ओळखता नाई आली ना?" मी विचारलं.

"तुमचा डबा कसा ओळखणार, काकू?" ती म्हणाली आणि चमचा तोंडात घातला.

खोटं मीही बोलले होते, मेथी निवडताना. त्या खोट्यापायी महिनाभर मी दारात बसून राहिले. ती खोटं बोलली आणि सगळ्या मैदानासमोर माझ्या डब्याचा मान राखला गेला. ओळखून हरायचं मला या जन्मात जमलेलं नाही. तिनं भुलाबाई नेली तेव्हा, धुरपताला हसवलं तेव्हा, माझ्या दारात तिचे फुटाणे पुरले तेव्हाही मला तिचा इतका हेवा वाटला नव्हता. मी तिला आणखी एक पळी वाढली आणि पुढच्या वाटीकडे वळले. ती माधवीची होती.